इनास, ऑर्गन लागला रे

इनास, मेल्या... बघ, पहिल्याच शब्दाला अडकलो. इतकी वर्षं तुला ऊठसूट "मेल्या" म्हणत आलो, तू "काय रे दत्तू" म्हणून ओ देत आलास, आणि आता तू खरंच गेलास तर माझी एक चांगली चालती शिवी कायमची बाद झाली. दुसरी शोधावी लागेल. तोवर नुसतं इनास म्हणतो.

काल चर्चमध्ये तुझ्यासाठी महिन्याच्या प्रार्थनेची मिस्सा झाली. ती कशी झाली ते तुला सांगायलाच हवं, कारण तुझ्या मयताच्या दिवशी तुझ्या ऑर्गनने जो तमाशा केला, तो बघायला तू चर्चमध्ये असूनही नव्हतास.

झालं असं. फादरनी सुरुवात केली आणि तुझी फिलो पहिल्या बाकावरून उठली. सगळ्यांना वाटलं बाईला चक्कर येतेय, दोघीतिघी धरायला धावल्या. तिने त्यांचे हात झटकले आणि सरळ कॉयरच्या, गाणाऱ्यांच्या माडीवर गेली. गावठाणातल्या या चर्चचा ऑर्गन लग्नाआधीपासून तीच वाजवतेय. नवऱ्याच्या मयताला दुसरं कोणी वाजवेल आणि ती खाली बसून डोळे पुसेल, हे होणारच नव्हतं. मी मागच्या बाकावर होतो. पहिली ओळ झकास गेली. दुसऱ्या ओळीला एक सूर अडकला. भों. फिलोने हात उचलले तरी तो आपला भों चालूच. लोकांना वाटलं ही तुला काहीतरी खास मानवंदना आहे, म्हणून सगळे माना खाली घालून उभे राहिले. बराच वेळ राहिले. फादर पुस्तकात बोट ठेवून थांबले. शेवटी माडीवरून फिलोचा आवाज आला, "दत्ता! ब्लोअर बंद कर त्या मेल्याचा!"

मी धावलो, बटण बंद केलं. पण भात्यातली हवा एकदम जाते थोडीच? तो सूर हळूहळू उतरत, रडत, कण्हत, शेवटी एक ढेकर दिल्यासारखा करून गेला. मग कॉयरमधल्या एका बाईने रविवारच्या मुलांच्या वर्गातला कीबोर्ड आणला. तिचं बोट कुठेतरी चुकीच्या जागी पडलं आणि आतून ढोल सुरू झाला. चिक-चिक-धूम, चिक-चिक-धूम. ती बिचारी सगळी बटणं दाबत सुटली आणि प्रत्येक बटणाला नवीन ठेका. इनास, तुझी पेटी उचलणारे चौघं खांदे हलवत होते ते रडून नाही रे. फादर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी हसलो. हसता हसता जो रडायला लागलो तो दफनभूमीपर्यंत थांबलो नाही.

फिलो मात्र हसली नाही. घरी आल्यावर तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "आयुष्यभर त्याने मला धड वाजवू दिलं नाही, आणि जाताना पण नाही. महिन्याच्या मिस्साला तो ऑर्गन नीट वाजला पाहिजे. नाही वाजला, तर मी त्या माडीवर परत पाय ठेवणार नाही. सांगून ठेवते."

तुला माहीत आहे, फिलो म्हणजे बोलल्याप्रमाणे करणारी बाई. आणि तिने वाजवणं सोडलं तर तो ऑर्गन दुसरं वाजवणार कोण? त्याच्यावर चादर टाकतील, दोन वर्षांनी कबुतरं आत जातील, आणि मग कुणीतरी म्हणेल की जागा अडते, काढून टाका. मी म्हटलं, "करतो." करतो म्हणून बसलो खरा, पण करणार कसं? कारण ऑर्गन लावायचं काम तुझं. माझं काम पट्टी दाबायचं. इतक्या वर्षांत मी त्या ऑर्गनच्या आत एकदाही पाय ठेवला नव्हता. तूच ठेवू दिला नाहीस. "आत जागा एकाचीच आहे," म्हणायचास, आणि माझ्या पोटाकडे बघायचास.

आपली ओळख कशी झाली ते आठवतं का रे? मरोळला कंपनीच्या टूलरूममध्ये मी नवीन होतो. जेवण झाल्यावर सगळे पेंगत होते. पलीकडे ग्राइंडर चालला होता. एकदम त्याचा आवाज अर्ध्या सुराने उतरला, आणि त्या अख्ख्या शेडमध्ये दोनच माणसांनी मान वर केली, तू आणि मी. "बेअरिंग गेलं," तू म्हणालास. "कोमल निषादाला आला," मी म्हणालो. तू विचारलंस, "गातोस?" मी म्हटलं, "आमच्या भजन मंडळात पेटी वाजवतो." तू मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंस आणि म्हणालास, "शनिवारी चर्चमध्ये ये. मला बोटं पाहिजेत."

मला तेव्हा वाटलं, केवढा मान! नंतर कळलं की माझी निवड कानामुळे नव्हतीच. ऑर्गन लावायला दोन माणसं लागतात. एक आत, पाइपांच्या गर्दीत. एक बाहेर, पट्टीवर बोट ठेवून. आतला ऐकतो, पाइपच्या तोंडावरची पत्र्याची कॉलर वर-खाली सरकवतो, सूर लागला की ओरडतो "पुढची!" आणि बाहेरचा पुढची पट्टी दाबतो. बस्स. माकडालाही जमेल. ही नोकरी आधी फिलोची होती. लग्नानंतर पहिल्याच नाताळाला तुम्ही दोघं ऑर्गन लावायला बसलात आणि असे भांडलात, म्हणे, की खाली कन्फेशनच्या रांगेत उभी असलेली माणसं आपापली पापं विसरून ऐकत राहिली. त्यावेळच्या फादरनी हुकूमच काढला: या नवरा-बायकोपैकी ऑर्गनजवळ एका वेळी एकच जाईल. म्हणून मग मी, मालवणचा दत्ता कोचरेकर.

आणि काय काम होतं रे ते! पंखे बंद, कारण पंख्याने म्हणे सूर हलतो. दारं बंद. आत तू नुसत्या बनियनवर, शर्ट एका खिळ्याला टांगलेला. बाहेर मी घामाने निथळतोय आणि तुझा आवाज येतोय, "दाब. दाबून धर. हलू नको. श्वास घेऊ नको." मी श्वास रोखून धरायचो आणि सूर लागतो लागतो तोच डोक्यावरून विमान. अंधेरीत चर्च बांधणाऱ्यांना काय ठाऊक, पुढे इथे एअरपोर्ट होणार आहे! "विमान!" तू आतून ओरडायचास, जसं काही मला ते ऐकू येत नव्हतं. विमान गेलं की मागच्या बिल्डिंगमधला कुकर. तुला तर कुकरसुद्धा पाठ झाले होते. "ही दुसऱ्या मजल्यावरची डाळ आहे. तिसरी शिट्टी होऊ दे, मग दाब." त्या मजल्यावरच्या बाईंच्या सुनेने गॅस बारीक ठेवायला सुरुवात केली आणि शिट्ट्या लांबल्या तेव्हा तू आठवडाभर अस्वस्थ होतास.

त्या नाताळची गोष्ट तर मी आमच्या मंडळात अजून सांगतो. आदल्या वर्षी आपण थंड सकाळी ऑर्गन एकदम सुरात लावला होता आणि मिस्साला वाट लागली. चर्च माणसांनी भरलं, गरम झालं, आणि साध्या पाइपांचा सूर वर चढला. तुझे ते पितळी जिभेचे पाइप होते तिथेच राहिले. फिलो वरून खाली आली ती तुझ्याशी नवीन वर्ष उजाडेपर्यंत बोलली नाही. मग तू विचार करकरून तोडगा काढलास. "दत्तू, लावतानाच चर्च मिस्साएवढं गरम पाहिजे. माणसं आण."

"कसली माणसं?"

"गरम माणसं. कुठलीही चालतील."

माझ्याकडे माणसं म्हणजे आमचं भजन मंडळ. आणलं. कणकवली-मालवणचे सगळे गडी, डोक्यावर टोप्या, बाकांवर ओळीने बसवले. तू माडीवरून त्यांना भाषण दिलंस: "बोलायचं नाही, खोकायचं नाही, फक्त गरम राहायचं." आमचे बुवा माझ्याकडे बघून म्हणाले, "दत्ता, हय नुसता बसान रवाचा? टाळ नाय, मृदंग नाय, आमी काय अंडी उबवतंव?" तरी बसले. तू आत गेलास, मी सा धरला. लांबच्या लांब, भरलेला सा. आता सांग, बुवांसारखा माणूस, समोर असा सा, किती वेळ गप्प बसणार? त्यांनी डोळे मिटले आणि लावला आलाप. मागोमाग सगळं मंडळ. आणि ऑर्गनच्या पोटातून तुझा आवाज, "कोण आहे तो? सुरात आहे! पण गप्प बस!" तेवढ्यात फादर आले. सकाळच्या वेळी चर्च निम्मं भरलेलं बघून त्यांचा चेहरा असा उजळला की खरं कारण सांगायला मला जीवावर आलं. ते तू सांगितलंस. तुला असल्या गोष्टींची लाज कधी नव्हती.

त्या वर्षी मिस्साला ऑर्गन सुरात राहिला. तुझी चालली ती युक्ती. पण मला शाबासकी दिलीस का? "तुझे बुवा अजून थोडे जाड असते तर जास्त बरं झालं असतं," एवढंच.

आणि आपलं गंधाराचं भांडण. ते तर तू अर्धवट टाकूनच गेलास. मी तुला पहिल्या दिवसापासून सांगत आलो, तुझा गंधार चढा आहे. तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, तो खरा. तुझा त्याच्या वर टोचतो. तू म्हणायचास, "चढा आहे ते मला माहीत आहे. चढाच ठेवायचाय. ऑर्गनला कुठल्याही पट्टीत गावं लागतं. बाराही सुरांनी थोडं थोडं सोसायचं, तेव्हा ते एका घरात राहतात. तुझा एकट्याचा लाड केला तर बाकीचे रडतील."

मी म्हटलं, "एका घरात राहायचं मला तू सांगतोस? तुम्हा भावांची केस दिंडोशीच्या कोर्टात चालू आहे."

"ती पण सुरात आहे," तू म्हणालास. "कोणीच जिंकत नाही."

हॉस्पिटलमध्ये शेवटचा भेटलो तेव्हाही तू त्या मशीनचं बीप-बीप ऐकत पडला होतास. मी वाकून विचारलं, काही हवंय का? नळ्यांमधून तू म्हणालास, "हा गंधार आहे बघ. तुझा." मी म्हटलं, "घरी चल, मग बघतो तुझ्याकडे." मला तेव्हा दुसरं खूप काही बोलायचं होतं रे. पण तू असा टोमणा मारल्यावर माणसाने काय गळ्यात पडायचं? नर्सने हाकललं आणि मी गेलो.

असो. तर गेल्या शनिवारी मी आणि फिलो, पंखे बंद करून, ऑर्गनसमोर. तिच्या बोटांच्या वाट्याला पट्ट्या आणि माझ्या पोटाच्या वाट्याला ते बाजूचं दार. दार कसलं, खिडकीच ती! डोकं गेलं, खांदे गेले, आणि मग मी अडकलो. मागे येईना, पुढे जाईना. फिलो म्हणाली, "श्वास सोड." मी सोडला. तिने मागून पाय लावला आणि ढकललं. नवऱ्याचा सगळा राग त्या एका पायात होता. मी आत जाऊन पडलो तो थेट एका पालीसमोर. तिची तुझी चांगली ओळख असणार, कारण ती हलली नाही. माझ्याकडे बघून मात्र तिची निराशा झालेली दिसली.

आधी तो भों शोधला. ते मला जमणार होतं, पेटीचंही तसंच असतं. पट्टीखालची झडप नीट मिटली नाही की हवा गळत राहते आणि सूर थांबत नाही. खालची फळी काढली, टॉर्च लावला. झडपेच्या फटीत काय होतं, ओळख. तुझ्या शर्टाचं बटण. एखाद्या वेळी शर्ट न काढताच आत शिरला असशील, वरचा पाइप उपसताना त्या भोकातून पडलं असणार. म्हणजे इनास, स्वतःच्या मयताला तूच बोंबललास! मी बटण बाहेर फिलोच्या हातावर ठेवलं. तिने उलटसुलट करून बघितलं. "निळ्या शर्टाचं," ती म्हणाली. "हे सापडलं नाही म्हणून मी त्या शर्टाला पांढरं लावून दिलं. तोच घालून पुरला त्याला." मग तिने ते पर्समध्ये टाकलं आणि नाक शिंकरलं. "चल. दाबू का?"

लावायला सुरुवात केली. तू होतास तेव्हा कान होता. मी मोबाइल पाइपाला टेकवून ठेवला, त्यात सूर लावायचं अॅप असतं, बरोबर लागलं की हिरवा दिवा. शिव्या देऊ नको, ऐक. मला बारा सुरांचं ते तुझं सोसणं कुठून येणार? माझ्या कानाने लावला असता तर गंधार माझा झाला असता आणि फिलोने मला जिवंत सोडलं नसतं. फिलो पण पट्टी दाबून गप्प बसणारी नाही. "अजून वर घे. जास्त झालं. आता खाली. तुला ऐकू येतं ना?" मधे विमान आलं की कंटाळून भराभर काहीतरी वाजवायची आणि मी आत कान धरून बसायचो. तुम्ही दोघं का भांडलात ते मला नीट कळलं. मी एकदा ओरडलो, "फिलो, एकच पट्टी! एकच!" तर तिने पट्टीच सोडली. मग तिचा आवाज आला, "तो पण असाच ओरडायचा." आणि मग दुपार होईपर्यंत ती शहाण्यासारखी वागली.

एक सांगतो. आत अंधार असतो, धूळ असते, उकडतं, बाहेरचं काही म्हणजे काही दिसत नाही. आपण ओरडायचं "पुढची", आणि पुढचा सूर येतो. तेवढाच पुरावा की बाहेर कोणी आहे. मला इतकी वर्षं वाटायचं, मी नुसता बोट ठेवून बसतो, माझा काय उपयोग? तिथे बसल्यावर कळलं की काय उपयोग. तू एकदा तरी सांगायचंस रे. पण तू कुठला सांगतोस, आणि मी तरी कुठे विचारलं?

काल मिस्सा झाली. मी पुढे बसलो, फिलोच्या जागेच्या मागे. आणि एक गोष्ट लक्षात आली, हसू नको. मयताची ती एक ओळ सोडली, तर मी हा ऑर्गन आयुष्यात पहिल्यांदा धड ऐकत होतो. तू दर वेळी म्हणायचास, रविवारी ये. पण रविवारी सकाळी मालवणी माणूस मासळी बाजारात असतो, हे तुलाही माहीत होतं. परत येताना तुझ्याच घरी बोंबील देऊन जायचो. नाताळला तुमच्याकडच्या नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, घरपोच यायच्या. मी ऐकला होता तो एकेक सूर, सुटा, दाबून धरलेला. काल सगळे एकदम आले. फिलोने दोन्ही हात ठेवले आणि माझ्या बाकाचं लाकूड थरथरलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने मला स्वतःचा रुमाल दिला, तो भिजल्यावर पदर पुढे केला. गंधार चढाच आहे, इनास. पण बाकीच्यांच्या हातात हात घालून आला तेव्हा खपून गेला. एवढंच कबूल करतो, जास्त नाही.

एक सूर अडकला नाही. एक चुकला नाही. विमानसुद्धा प्रवचनात आलं, गाण्यात नाही. फादर बाहेर मला म्हणाले, इतका सुरेख कधी वाजला नव्हता. मला वाटलं जिंकलो. फिलो आता माडी सोडत नाही.

सगळे पांगले तरी ती खाली येईना, म्हणून मी वर गेलो. ती स्टुलावरच बसली होती, हात मांडीत. म्हणाली, "चांगलं लावलंस रे. कुठे नाव ठेवायला जागा नाही."

"मग झालं तर."

"नाही झालं." तिने उजवीकडची वरची एक पट्टी दाबली. स्वच्छ, सरळ सूर. "हा तो कायम जरा खाली ठेवायचा. मी लग्नापासून सांगतेय, खाली आहे. तो म्हणायचा, बरोबर आहे, तुझे कान तपास. दर रविवारी जेवताना हेच. आज वाजवताना बोट तिथे गेलं, मी दात आवळून तयार होते, आणि तो एकदम बरोबर आला." तिने पट्टी सोडली नाही. तिचे डोळे वाहत होते आणि सूर चालूच होता. "दत्ता, मला इनास कुठे ऐकूच आला नाही रे. उद्यापासून मी इथे बसून भांडू कोणाशी?"

मी शर्ट काढला, तुझ्या खिळ्याला टांगला, श्वास सोडून दारातून आत गेलो. मोबाइल बाहेरच ठेवला. तो पाइप शोधला, कॉलर एक केसभर वर सरकवली, पाइप तेवढा लांब झाला. सूर उतरला. "अजून," फिलो म्हणाली. अजून एक केस. "अजून थोडा... हां! तोच! बघ, बघ कसा बेसूर आहे! मी सांगत नव्हते?"

बेसूर आहेच रे तो, इनास. तिचंच बरोबर होतं. पण आता कोणी कितीही सांगितलं तरी मी त्याला हात लावणार नाही.